मधल्या खुर्चीचा खप

९ जानेवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण आमचं दुकान केवढं ते तुला माहीत आहे. पुढे मी आणि खुर्च्या, मागे हे आणि यांचं सुतारकाम, मधे एक पडदा. मी इकडे कुजबुजले तरी तिकडून लगेच, "काय म्हणतोय मेहुणा?" आणि लिहून पाठवावं तर माझा फोन दिवसभर यांच्याच हातात, गिऱ्हाइकांना फोटो दाखवायला. म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्यांना सांगून ठेवलंय. त्या आधी काही विचारत नाहीत, मागाहून सगळं काढून घेतात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे दोनच खुर्च्या, साधी आणि हातांची. साधी अठराशेला, हातांची बत्तीसशेला. माणूस येतो, हातांच्या खुर्चीत बसतो, हातावरून हात फिरवतो, "काय काम आहे हो" म्हणतो आणि साधी घेऊन जातो. गेल्या महिन्यात असे किती जण आले नि गेले. साधीत आमच्या वाट्याला भुसा उरतो, बाकी काही नाही.

दुकानाचा भाडेकरार मेअखेर संपतोय. तोवर असंच चाललं तर हे पुन्हा कारखान्यात जातो म्हणतात. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे, तुला आठवत नसेल. तिथे यांना खुर्चीचा डावा मागचा पाय करायला ठेवलं होतं. वर्षानुवर्षं डावा मागचा. उजव्याला वेगळा माणूस होता. संध्याकाळी घरी यायचे आणि भिंतीकडे बघत जेवायचे. तो माणूस मला पुन्हा घरात नको आहे. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते.

तू एवढ्या मोठ्या दुकानांच्या साखळीत भाव ठरवायला बसतोस. आम्ही तुझी थट्टा करतो ते सोड, पण काही युक्ती असेल तर सांग. किंमत उतरवू का?

तुझी ताई

१७ जानेवारी

ताई,

किंमत उतरवलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझं दुखणं मला पत्राच्या अर्ध्यातच कळलं. खुर्ची कितीला असावी हे कुणालाच माहीत नसतं. तुला नाही, मला नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. माणूस खुर्चीची किंमत बघत नाही, तिच्या शेजारणीची बघतो. दोनच असल्या की एक स्वस्त आणि दुसरी महाग, संपलं. तुझी हातांची खुर्ची महाग नाहीये गं, ती बिचारी महाग दिसणाऱ्या जागी उभी आहे.

तिसरी आण. मोठी, भपकेदार, चांगल्या लाकडाची, आणि तिच्यावर सात हजार लाव. सात हजारांची खुर्ची कुणी घेणार नाही आणि तिने जायचंही नाही. तिने फक्त दारात उभं राहायचं. मग बघ, बत्तीसशेची मधे येईल. मधल्या वस्तूत माणसाला आपण कंजूषही नाही आणि उधळेही नाही असं वाटतं. आणि हो, बत्तीसशे खोडून एकतीसशे नव्याण्णव कर. हसू नकोस. आम्ही करतो ते काय वेडे म्हणून?

माझं काम म्हणजे दुपारभर फडताळांशी उभं राहून लोकांचे हात बघणं. हात आधी मधल्या बरणीवर जातो, मग डोकं कारणं शोधतं. इतकं पाहिलंय की आता घरीही सुटत नाही. बायको म्हणते, "तू मला रविवारी कुठे जायचं हे विचारताना तीन ठिकाणं सांगतोस, आणि त्यातलं एक इतकं वाईट असतं की तुला काय हवंय ते मला आधीच कळतं." मला स्वतःला मात्र काही घ्यायचं म्हटलं की दुकानात उभं राहून घाम फुटतो. दोन आठवडे झाले, साधी छत्री घेतलेली नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. दाजींना यातलं सांगू नकोस. ही विकायची नाही हे कारागिराला कळलं की तो हात राखून काम करणार. खुर्ची खोटी दिसली की सगळा खेळ बसला. त्यांना म्हण, एक चांगली मोठी खुर्ची करा, जमेल तेवढी चांगली.

तुझा,
धाकटा

२ मार्च

धाकट्या,

झाली खुर्ची.

मी यांना म्हटलं, "एक तरी मनासारखी करा की." तेवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी जुन्या दाराची ती फळी भिंतीआडून काढली, जी कुणाला हात लावू देत नव्हते. ती तर कापलीच, पण नकाशा नाही, माप नाही, काही नाही. फळी धरायची, डोळा बारीक करायचा, रंधा मारायचा, पुन्हा बघायचं. साध्या खुर्चीला यांना जेवढा वेळ लागतो त्याच्या कित्येक पट लागला आणि मी ओरडले नाही, याचंच यांना आश्चर्य. पॉलिश वाळल्यावर मला म्हणाले, "बस." मी म्हटलं, "गिऱ्हाइकाआधी मी कशाला," आणि बाहेर नेऊन ठेवली. खरं म्हणजे मला बसवेना.

तुझी युक्ती चालली रे. पहिल्याच आठवड्यात हातांच्या पाच गेल्या. लोक येतात, मोठीवरची किंमत वाचतात, भुवया वर जातात, आणि मग मधलीकडे असे वळतात जणू तिनेच त्यांना वाचवलं. एक बाई तर म्हणाली, "ही अगदी रास्त आहे." डिसेंबरात ह्याच बाईंनी तिला महाग म्हटलं होतं. साधीला आता कुणी विचारत नाही. मला हसू येतं, पण मोकळं हसता येत नाही.

कारण हे पडद्याआडून ऐकत असतात. कुणी मोठीसमोर थांबलं की रंधा थांबतो. तो माणूस मधली घेऊन गेला की पुन्हा सुरू होतो.

ताई

१२ मार्च

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात माझ्या वरिष्ठांना वाचून दाखवलं, नावगाव न सांगता. ते म्हणाले, या बाईंना नोकरी द्या.

आता फक्त टिकून राहा. तीन गोष्टी करू नकोस. मोठीची किंमत कमी करू नकोस, तिला कोपऱ्यात ढकलू नकोस, आणि कुणी मागितली तरी देऊ नकोस. देऊ नकोस हे जास्त महत्त्वाचं. ती गेली की दुसऱ्या दिवसापासून मधली पुन्हा महाग होईल, आणि दाजी काही आठवड्यांत दुसरी करून देणार नाहीत. नवा करार होईपर्यंत तिला सांभाळ.

दाजी ऐकतात म्हणतेस ते मला नाही एवढं वाटत. दुकान चालतंय, त्यांना आनंदच असणार. पुरुषमाणूस बोलून दाखवत नाही इतकंच. मीही परवा पगारवाढीचं कळल्यावर घरी येऊन कपाट आवरत बसलो होतो.

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

मला काही सुचेनासं झालंय, म्हणून जसं येईल तसं लिहिते.

हे आनंदात नाहीत. मधलीच्या ऑर्डरी इतक्या आल्यात की सकाळपासून तेच करतात, हात, पाय, पाठ, पुन्हा हात. आणि दुकान बंद केल्यावर मोठीला आत घेतात. मला आधी वाटलं पुसतात. नंतर पाहिलं तर तासत होते. मी विचारलं तर म्हणाले, "हात फार रुंद झालेत हिचे. म्हणून लोक बिचकतात." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "पाठ फार मागे जाते. माणूस त्यात ऐदी दिसतो." मग म्हणाले बैठक खोल आहे. दर वेळी थोडं काढतात, पॉलिश करतात, सकाळी दारात ठेवतात आणि पडद्याआड जाऊन कान देतात. परवा हातांची शेजारी ठेवून दोन्हींच्या पाठीला फळी लावून बघत होते. मला म्हणाले, "लोकांना सरळ पाठ आवडते वाटतं. मला इतकी वर्षं उलटंच वाटत होतं."

मी जवळ उभी होते. मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि हे कमी म्हणून की काय, मार्चअखेरीला, यांनी तासायला सुरुवात करायच्या आधी, एक गृहस्थ आले होते. निवृत्त बसचालक. सगळी नोकरी सीटवर काढली, आता पाठ धरते म्हणाले. हे लाकूड आणायला गेले होते. त्यांनी किंमत वाचलीच नाही. सरळ मोठीत बसले आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "बाई, हे ज्याने केलंय त्याला पाठ म्हणजे काय ते कळतं." आणि पैसे काढायला लागले.

मी म्हटलं, ही विकली गेली आहे.

तोंडातून निघूनच गेलं. तुझं वाक्य होतं, देऊ नकोस. त्यांनी हातांची बघितली, बसून उठले आणि नको म्हणाले. जाताना मोठीवर दोनदा हात ठेवून गेले. यांना मी हे सांगितलेलं नाही. कसं सांगू? सांगायचं म्हटलं तर जानेवारीपासून सगळंच सांगावं लागेल. तू सांग, आता सांगून टाकू का? तू म्हणालास तर आज सांगते.

ताई

२८ एप्रिल

ताई,

अजून एक महिना. फक्त करारावर सही होऊ दे, मग मी स्वतः येऊन दाजींना सगळं समजावतो, शिव्या मी खाईन.

त्या गृहस्थांना नाही म्हणालीस ते बरोबरच केलंस. कठीण होतं, पण बरोबर. दाजी खुर्ची तासतात त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तिचं काम दारात उभं राहायचं आहे, तिचा हात चार बोटं रुंद असला काय नि तीन असला काय, फरक पडत नाही. किमतीची चिठ्ठी तेवढी तीच राहू दे.

मला मान्य आहे की वाचायला हे बरं नाही वाटत. लिहायलाही नाही वाटलं. पण तू कारखान्याचं लिहिलं होतंस ना, ते आठव.

धाकटा

ता.क. छत्री घेतली. मधली.

३ जून

धाकट्या,

करारावर शुक्रवारी सही झाली. शनिवारी सगळं उघडं पडलं.

मी ठरवलं होतं, रविवारी निवांत सांगायचं. शनिवारी सकाळी ते बसचालक पुन्हा आले. या वेळी हे पुढेच होते, मी गल्ल्यावर. ते मोठी बघून म्हणाले, "अरे, नेली नाही का अजून? बाई तर म्हणाल्या होत्या विकली गेली." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गल्ला उघडला आणि बंद केला.

हे म्हणाले, "विकलेली नाही. बसा."

ते बसले. मग जरा सरकले. पाठ टेकली, पुन्हा टेकली. उठून खुर्चीच्या मागे जाऊन आले, परत बसले. मग इतक्या संकोचाने म्हणाले, "ही ती नव्हे. ती तुमच्यापैकी दुसऱ्या कुणी केली होती का?"

यांनी त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडून आले. मग पडद्याआड गेले आणि मला हाक मारली. मी सगळं सांगितलं, जानेवारीपासून. तुझं नाव घेतलं, पण तुझ्यावर ढकललं नाही, म्हणजे ढकलायचा प्रयत्न केला आणि मधेच मलाच लाज वाटली. हे बाकावर बसून ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "सात हजार कशावरून ठरवले? खुर्ची बघून?"

मी म्हटलं, खुर्ची तेव्हा झालीच नव्हती.

त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. मधलीच्या ऑर्डरी पुऱ्या करतात. जेवताना भिंतीकडे बघतात. कारखान्यात न जाताच तो माणूस घरी आलाय रे.

ताई

९ जून

ताई,

दोन दिवस कामावर गेलो नाही. गेलो असतो तर काय केलं असतं, लोकांचे हात बघितले असते.

चूक माझी आहे. दाजींना सांगू नकोस ही अक्कल माझी, तुझी नाही. मी तो सल्ला दिला तेव्हा माझ्या डोक्यात तीन आकडे होते, माणूस नव्हता. हे त्यांना सांग, नाहीतर मी लिहितो.

एक सुचतंय. ती खुर्ची मी घेतो. पुऱ्या सात हजारांना, एक पैसा कमी नाही. म्हणजे त्यांना कळेल की ती किंमत खोटी नव्हती. आत्ताच्या आत्ता पाठवतो. त्यांना विचार आणि लगेच कळव, मला चैन नाही.

धाकटा

१८ जून

मेहुणेबुवा,

तुमच्या ताईने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तुमची पत्रं शिंपीणबाईंकडे येतात हे मला फेब्रुवारीपासूनच माहीत होतं. मला वाटलं, बहीणभावांचं काही घरचं असेल, म्हणून विचारलं नाही.

खुर्ची घेतो म्हणालात, मन मोठं आहे तुमचं. पण तुम्ही ती पाहिलेली नाही. न बघता सात हजार मोजणारं गिऱ्हाईक मला परवडणार नाही. पैसे पाठवू नका.

रागावलो होतो. तुमच्या ताईवरचा ओसरला, ती रडली की माझं काही चालत नाही हे तिला ठाऊक आहे. तुमच्यावरचा थोडा शिल्लक आहे, तो राहू द्या. तुमची युक्ती चालली हे मात्र खरं. दुकान राहिलं, मला पाय करायला जावं लागलं नाही. आमच्या पानात जे पडतंय त्यात तुमच्या अकलेचा वाटा आहे. हे मी टोमण्याने लिहीत नाही, मोजूनमापून लिहितोय.

आता कामाचं. ते चालकमामा मीच शोधून काढले. बस आगारात विचारलं तर लगेच पत्ता मिळाला. घरी जाऊन त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मग पहिली होती तशी करा. मी थांबतो. किंमत तुम्ही सांगाल ती." मी हो म्हणून आलो. त्या दाराची अर्धी फळी अजून आहे.

फळी बाकावर ठेवली आणि हात थांबला. आज आठवडा झाला, तशीच आहे.

ती खुर्ची विकली जात नव्हती तेव्हा मी रोज संध्याकाळी तिच्यात दोष शोधत होतो, आणि मला सापडत होते. पाठ कलती, हात रुंद, बैठक खोल. उगाच म्हणून नव्हे, मला ते डोळ्याला दिसत होते, बोटांना लागत होते. एकेक काढला की बरं वाटायचं, उद्या जाईल असं वाटायचं. आता तुम्ही लोक सांगता की ती चिठ्ठीमुळे जात नव्हती, तिच्यात काही नव्हतं. मग मला दिसलं ते काय होतं? काही दोष खरेही असतील. इतक्या वर्षांच्या हाताला काहीतरी कळत असेलच ना. पण कोणते खरे आणि कोणते त्या सात हजारांनी दाखवले, हे मला आता वेगळं करता येत नाही. पाठ पुन्हा कलती करायची म्हणून फळी धरतो आणि मनात येतं, पण ती चूक होती. मग मनात येतं, चूक होती हे मला कुणी सांगितलं?

तुमच्या ताईला विचारलं. ती म्हणाली, पहिली होती तीच उत्तम होती. तिने पहिलीत कधी बसून पाहिलं नव्हतं. ती माझं मन राखायला बोलली की खरं बोलली, हे पूर्वी मला तिच्या आवाजावरून कळायचं.

तुम्ही या कामात मुरलेले आहात. माणसाच्या डोक्यात असं काही घालायची रीत तुमच्याकडे आहे, तर घातलेलं काढायचीही असेल. असली तर लवकर कळवा. चालकमामा बुधवारी माप द्यायला येणार आहेत, आणि मी त्यांच्यासमोर रंधा कुठून धरायचा ते मला माहीत नाही.

तुमचा,
दाजी